बऱ्हाणपूरचे केळी वेफर्स

तापीकाठचं बऱ्हाणपूर आणि त्याला लागून असलेलं रावेर म्हणजे केळीचं आगर. 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत बऱ्हाणपूरचं उत्पादन केळीच आहे. इथले वेफर्स कच्च्या केळ्यांचे. तापलेल्या तेलावर किसणी धरून चकत्या थेट कढईत पाडायच्या, वरून मिठाचं पाणी शिंपडायचं. तेल चर्र करून उसळतं आणि प्रत्येक चकतीला मीठ लागतं.

केळीचं मूळ मात्र आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडचं. इंडोनेशियात आजही पिकलेली केळी पिठात बुडवून तळतात. त्या पदार्थाला 'पिसांग गोरेंग' म्हणतात.

आता पोषण. १०० ग्रॅम पिकलेल्या केळ्यात सुमारे ९० कॅलरी आणि साडेतीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. कच्च्यात साखर कमी, स्टार्च जास्त. तळताना पाणी उडून तेल शिरतं, म्हणून १०० ग्रॅम वेफर्समध्ये पाचशेच्या आसपास कॅलरी, त्यातल्या निम्म्याहून अधिक तेलाच्या. उपवासाला वेफर्सवरच पोट भरणं मला अजिबात पटत नाही. मूठभर घ्या, सोबत एक पिकलं केळं आणि ताक असू द्या. उच्च रक्तदाब असलेल्यांनी मीठही जपावं. आणि पुडीला खवट वास आला, तर ती सरळ परत करा.