पोट भरतं, रक्त बिघडतं



आज मी भाकरीवर बोलणार आहे. भाकरी म्हटलं की आपल्याला भूक आठवते. आपल्या आज्यांनी गावकीची शिळी भाकर खाल्ली, १९७२ च्या दुष्काळात मिलो खाल्ला. शहरात भुकेनं सोंग बदललंय. इथं पोट भरतं आणि माणूस आतून पोखरला जातो.

वस्तीतल्या पोराचा दिवस बघा. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, रात्री ड्यूटीवरून येताना चायनीजची गाडी. मैदा, बटाटा, तेल, मीठ. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ठेवणार कसं? कुणी शहाणा म्हणेल, पोरांचे जिभेचे चोचले. अरे, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, पहाटे पाण्याची रांग, आई चार घरची धुणीभांडी करून आलेली. भाजी निवडायची कुणी आणि कधी? वडापाव ही चैन नाही. तो वेळेचा आणि खोलीभाड्याचा हिशेब आहे.

मधुमेहाला अजून शेठजींचा रोग म्हणतात. साफ खोटं! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०१७ साली आले. महाराष्ट्र, तमिळनाडू, चंडीगडच्या शहरांत हा रोग गरिबांतच जास्त निघाला. शेठजी आता सकाळी बागेत चालतात आणि ज्वारी खातात. आपली भाकर त्यांच्या ताटात गेली, त्यांचा मैदा आपल्या.

गावात निदान ज्वारी होती, तांदुळजा होता, वजडी होती. २०१५ च्या कायद्यानं राज्यात बैलाचंही मांस बंद झालं. गरिबाच्या ताटातलं स्वस्त प्रोटीन गेलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रुपया किलोनं भरडधान्य लिहिलं होतं. तरी रेशनच्या पिशवीत बहुतेक गहू-तांदूळच येतो. मग ज्वारी, बाजरी, डाळ नियमित का नाही? हे विचारायला मोर्चा काढावा लागला तर काढू.

खुद्द बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहानं छळलं. तिशीनंतर सरकारी दवाखान्यात साखर आणि रक्तदाब तपासायचा, हा सरकारचाच कार्यक्रम आहे. तो वस्तीत आणा. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या बाजूला एक टेबल मांडा, साखर तपासायचं. आधी आपल्या आयांना बसवा तिथं. त्या स्वतःहून कधीच जाणार नाहीत.

लढायला माणूस जिवंत लागतो, दोस्तहो. पाय कापलेला माणूस मोर्चात चालत नाही.

जयभीम!