भिंत आणि गच्ची यांची गाठ



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून या मांडवात राज्यकारभार, वेदान्त, अर्थशास्त्र असे भारदस्त विषय बोलले गेले आहेत. त्या पंगतीत आज आम्ही गळकी गच्ची घेऊन बसतो आहोत, याबद्दल क्षमा असावी. परंतु विषय अगदीच अवेळी नाही. वैशाख चालू आहे, मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते, आणि या सभेतून घरी जाऊन जे काम हाती घेतले तर पुरे होऊ शकेल, असे काम आम्ही सांगणार आहोत.

गळती बहुतेक वेळा गच्चीच्या मधोमध सापडत नाही. ती सापडते कडेला, जेथे आडवी गच्ची उभ्या कठड्याला किंवा जिन्याच्या खोलीच्या भिंतीला भेटते तेथे. ही भेट म्हणजे दोन निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांचे लग्न आहे. काँक्रीटची गच्ची उन्हाने तापते, पसरते, रात्री आखडते. दहा मीटर लांबीची लादी तीस अंशांनी तापली तर सुमारे तीन मिलिमीटर वाढते. विटांची भिंत तेवढ्याच उष्णतेने साधारण निम्म्याने वाढते. दोघांमध्ये रोज ही ओढाताण चालते आणि गवंड्याने मात्र दोघांवर एकच गिलावा ओढून दिलेला असतो. तो बिचारा कोणाच्या बाजूने जाणार? तो फुटतो. केसाएवढी चीर पडते, आणि पाण्याला केसाएवढी चीर पुष्कळ होते. त्यातून गिलावा गच्चीच्या पृष्ठभागापर्यंत खाली नेलेला असला, म्हणजे दिव्याची वात तेल ओढते तसा तो साचलेले पाणी भिंतीत वर ओढून घेतो.

आता थोडे आमच्या घराविषयी. वरच्या मजल्यावरच्या खोलीत आमच्या वडिलांचे लाकडी कपाट होते. त्यात त्यांची पत्रे, जमाखर्चाच्या वह्या आणि आईने जपून ठेवलेली काही कागदपत्रे. एका आषाढात कपाटामागच्या भिंतीवर हाताच्या पंज्याएवढा डाग दिसला. आम्ही सुशिक्षित, म्हणून उपायही झटपट. पहिल्या वर्षी कोपऱ्यावर डांबर ओतले. दुसऱ्या वर्षी त्यावर सिमेंटचा जाड थर चढवला. तिसऱ्या वर्षी खोलीच्या आतून गिलावा काढून नवा केला व वर छानदार रंग दिला. रंग दिल्यावर डाग दिसेना, तेव्हा आम्ही विजयी मुद्रेने कपाट पुन्हा भिंतीला लावले. त्या पावसाळ्याअखेर कपाट उघडले, तो खालच्या कप्प्यातील पत्रांचा एकच लगदा झालेला. एकही अक्षर सोडवून घेता आले नाही.

मग एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले. त्यांनी हत्यार बाहेर काढलेच नाही. आधी विचारले, "मालक, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळानं ओल दिसते?" आम्हांला सांगता येईना. "वारा कुठल्या अंगाचा असला म्हणजे जास्त येते?" तेही सांगता येईना. तीन वर्षे आम्ही उपचार केले, पण रोग्याला एक प्रश्नही विचारला नव्हता.

त्यांची परीक्षा करण्याची रीत आम्ही आपल्यापुढे ठेवतो, कारण सगळ्या दुरुस्तीचे मर्म तिच्यात आहे. पाणी घालायचे ते खालून वर. प्रथम नुसत्या गच्चीच्या तळावर, भिंतीला न लागू देता. काही तास वाट पाहायची. ओल आली नाही, तर मग कोपऱ्यातील गोलाईवर, म्हणजे गवंडी जिला वाटा म्हणतात तिच्यावर. पुन्हा वाट पाहायची. मग भिंतीच्या अंगावर, आणि शेवटी कठड्याच्या माथ्यावर. पहिल्यांदाच वरून पाणी ओतले, तर ते सगळ्याच वाटांनी खाली येते आणि खरा चोर कोणता ते कळत नाही. आमच्या घरी तळ निर्दोष निघाला, वाटाही निर्दोष निघाला. पाणी शिरत होते ते कठड्याच्या माथ्यावरील तड्यातून. ते विटांमधून उतरून आमच्या डांबराच्या व सिमेंटच्या पाठीमागून खोलीत येत होते. म्हणजे आमच्या तिन्ही उपायांनी पाण्याला अडवले तर नाहीच, उलट बाहेर पडण्याची वाटही बंद केली होती.

तेव्हा कारणे शोधताना नजर या ठिकाणी जावी. कठड्याचा माथा सपाट आहे काय? तो गच्चीकडे उतरता हवा. वाटा ठोकून पाहिल्यास पोकळ आवाज येतो काय? पन्हळीचे तोंड भिंतीत जेथे शिरते तेथे फट आहे काय? गच्चीचा ढाळ भिंतीकडे तर गेलेला नाही ना? शंभराला एक, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर एवढा ढाळ पन्हळीकडे असावा. कोपऱ्यात तुळशीच्या व गुलाबाच्या कुंड्या ओळीने मांडल्या आहेत काय? त्यांच्याखाली पाणी मुरत राहते. आणि कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवले आहे काय? पिंपळ पूज्य खरा, पण तो नुसता वरून छाटला तर मुळे आत वाढतच राहतात. तो मुळासकट काढावा लागतो.

दोष वाट्याच्या जागी ठरला, तर काम असे करावे. भिंतीचा गिलावा गच्चीपासून सुमारे तीस सेंटिमीटर उंचीपर्यंत विटा दिसेपर्यंत काढावा. जुना वाटा आणि त्यापुढील पोकळ झालेला कोबाही काढावा. येथे कंजुषी करू नये, कारण पोकळ भागावर घातलेला नवा थर पोकळच राहतो. जागा घासून धुवावी. लादी व भिंत यांच्यामधील सांधा सिमेंटने भरू नये. हलणारा सांधा ताठ मालाने भरला तर तो पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा उलतो. तेथे रबरासारखे ताणले जाणारे भरण घालावे, ते आज बाजारात मिळते. मग त्यावर एकास तीन सिमेंट-वाळूचा, साडेसात सेंटिमीटरचा वाटा गोल करून घ्यावा. तो काटकोनात सोडू नये, कारण काटकोनात वरचा पातळ थर नेमका घडीवर फाटतो. वाट्याला सात दिवस पाणी मारावे. तो सुकल्यावर सिमेंट व पॉलिमर यांच्या मिश्रणाचे दोन-तीन हात द्यावेत, आणि पहिल्या हातातच काचतंतूंची जाळी घडीवर बसवावी.

हा थर भिंतीवर निदान पंधरा सेंटिमीटर चढला पाहिजे, आणि त्याचे वरचे टोक भिंतीत खाच पाडून आत दडवले पाहिजे. टोक उघडे राहिले तर भिंतीवरून ओघळणारे पाणी त्याच्या मागे शिरते. खाच मालाने बुजवून वरचा गिलावा त्या टोकावरून थोडा पुढे आणावा व तेथेच थांबवावा, म्हणजे पागोळी बाहेर टपकते. गिलावा गच्चीला टेकू देऊ नये. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी आमचे व्याख्यान सार्थकी लागले.

सगळे वाळल्यावर पन्हळी बंद करून गच्चीवर पाणी साठवून पाहण्याचा प्रघात आहे, सामान्यतः तीन दिवस. मात्र पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला पन्नास किलो, आणि शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर पाच टन. जुन्या इमारतीवर जाणत्या अभियंत्याला विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. चुन्याचा कोबा कित्येक दिवस चोपत, त्यावर गुळाचे व बेलफळाचे पाणी शिंपडत. चुना सिमेंटपेक्षा मऊ, म्हणून थोडी हालचाल सोसतो. सोलापूर-मराठवाड्याकडील धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर देत. त्या रीतीत एक शहाणपण आहे: छप्पर एकदा बांधून विसरण्याची वस्तू नव्हे, दर वर्षी विचारपूस करण्याची आहे.

शेवटी भांडणाचा एक विषय. सहकारी गृहसंस्थेत गच्ची गळू लागली, की सर्वांत वरच्या मजल्यावरचे कुटुंब एकटे पडते. खालच्यांच्या घरी ओल नाही, मग वर्गणी कशाला, असा सूर निघतो. महाराष्ट्रातील संस्थांच्या आदर्श उपविधींत सामाईक गच्चीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करावयाची आहे. पण नियम बाजूला ठेवला, तरी गच्ची हे सर्वांचे छप्पर आहे. आज वरच्याच्या छतातील लोखंड गंजते, ते फुगते, काँक्रीटचे पोपडे सुटतात, आणि इमारतीचे आयुष्य कमी होते ते काही मजले मोजून होत नाही. अलीकडचा पाऊस तर आपली कसोटीच पाहतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर हे चौऱ्याण्णव हजारांहून अधिक लिटर पाणी झाले.

त्या म्हाताऱ्या गवंड्यांनी आमच्या कठड्याचा माथा उतरता करून दिला, तडे भरले, आणि तेव्हापासून त्या खोलीत ओल आलेली नाही. कपाट अजून आहे. खालचा कप्पा आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला आहे. तो पाहिला म्हणजे आठवण राहते, की डाग दिसला त्या दिवशी रंगाचा डबा आणण्याऐवजी शिडी लावून वर गेलो असतो, तर वडिलांचे अक्षर आज हाती असते. आपण उद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, एकदा गच्चीवर जावे, कोपऱ्याकोपऱ्याने ठोकून पाहावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.