मूल बोलत नाहीं, तेव्हां



तीन वर्षांचें मूल अद्याप बोलत नसलें, कीं घरांत दोन प्रकारचे सल्ले सुरू होतात. आजी म्हणते, "ह्याचा बापसुद्धां उशिरांच बोलूं लागला." शेजारीपाजारी हळूच 'ऑटिझम', म्हणजे स्वमग्नता, हा शब्द उच्चारतात. पहिल्या सल्ल्यानें मोलाचे महिने वायां जातात. दुसऱ्यानें आईची झोंप उडते. अशा वेळीं काय पाहावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

समजा, एकाच इमारतींत दोन मुलगे आहेत. दोघेही तीन वर्षांचे; दोघांनाही पांचसहाच शब्द येतात. पहिला चालूंही उशिरां लागला. पेला अजून त्याला नीट धरतां येत नाहीं. पण खिडकींत कावळा बसला, कीं तो बोट दाखवितो आणि वळून आईच्या तोंडाकडे पाहतो. जणूं विचारतो, 'पाहिलास ना?' पाणी हवें असल्यास खूण करतो, भातुकलींत बाहुलीला खोटाखोटा घांस भरवितो. त्याचें एकंदर वागणें दीड वर्षाच्या बालकासारखें आहे. गाडी हळू चालली आहे, पण रूळ नेहमींचेच आहेत. ह्यास सर्वसाधारण विकासविलंब म्हणतात.

दुसरा वेळेवर चालूं लागला. ठोकळे तर मोठ्या सफाईनें रचतो. पण नांवानें हांक मारली तर वळत नाहीं. पाणी हवें असतां आईचा हात ओढून माठाकडे नेतो. तिच्या तोंडाकडे मात्र पाहत नाहीं. खेळण्यांतील मोटार चालविण्याऐवजीं तिचें चाकच फिरवीत बसतो. मिक्सर सुरू होतांच कान झांकून घेतो. नेहमींचा रस्ता बदलला, कीं आकांत मांडतो. येथें केवळ उशीर नाहीं. स्वमग्नतेची शंका घेण्यास जागा आहे.

शब्द मोजले, तर दोघे सारखेच. म्हणून विचारावयाचें तें हें: शब्द नसतां हें मूल आपल्यापर्यंत कसें पोहोंचतें? तुलनाही वयाशीं करून भागत नाहीं. ती मुलाच्या एकंदर समजेशीं करावी लागते. दीड वर्षाची समज असलेलें मूल आपला आनंद बोटानें आणि नजरेनें दुसऱ्यास दाखवितें. समज तेवढी असून हें घडत नसेल, तर निव्वळ मंद गतीनें त्याचा उलगडा होत नाहीं.

हा घोटाळा जुनाच आहे. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं अशा ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां त्यांतील कांहींना पूर्वीं मतिमंद, तर कांहींना बहिरें समजण्यांत आलें होतें. म्हणून प्रथम कानांची तपासणी करून घ्यावी. तसेंच, एकाच खुणेवरून निर्णय करूं नये. स्वमग्न मूलही आईच्या गळ्यांत पडतें, नजरेला नजर देतें. शिवाय दोन्ही गोष्टी एकाच मुलांत असूं शकतात. ह्याचें निदान रक्ततपासणीनें होत नाहीं; जाणत्या तज्ज्ञानें मुलाबरोबर खेळून, आईबापांना विचारून तें करावयाचें असतें.

वर्ष उलटल्यावरही नांवाला ओ न देणें, दीड वर्षानंतरही बोटानें कांहीं न दाखविणें, किंवा आलेले शब्द नाहींसे होणें, ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास बालरोगतज्ज्ञांकडे जावें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत विकासविलंबाची तपासणीही अंतर्भूत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता या दोहोंचीही नोंद केलेली आहे.

हा भेद कशासाठीं? पहिल्या मुलाला प्रत्येक गोष्ट लहान लहान पायऱ्यांनीं शिकवावी लागते; दुसऱ्याशीं आधीं देवघेवीचा पूल बांधावा लागतो. मात्र निदानाचा शब्द हातीं येईपर्यंत थांबूं नये. मूल ज्या गोष्टींत रमलें असेल तेथें जाऊन बसावें, तें करील तें आपणही करावें आणि त्याच्या प्रतिसादाची वाट पाहावी. ह्यानें दोघांचेंही हितच होईल.

शेवटीं मातांना एक सांगणें. मायेंत उणीव पडल्यामुळें किंवा लस टोंचल्यामुळें स्वमग्नता येत नाहीं. हे दोन्ही समज खोटे ठरले आहेत. स्वतःला दोष देण्यांत जाणारा वेळ मुलाजवळ जमिनीवर बसण्यांत घालवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.