मुदत संपलेला विमा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात शिरढोण येथे केलेले भाषण)



वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून प्राथमिक शाळेत आयुष्य वेचलेला मी एक साधा शिक्षक. तथापि चिटणिसांच्या आग्रहास्तव मला आलेला एक अनुभव आपणांपुढे मांडीत आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्या या जन्मगावाजवळून आज मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक अहोरात्र चालू असते. या रस्त्याने आपणांस पुष्कळ दिले. त्याने काय नेले, हेही आपल्यांतील कित्येक घरांस ठाऊक आहे.

एके दिवशी सकाळी दूध घेऊन सायकलीने परतत असता मागून मोटारसायकलीची धडक बसून मी पडलो. उजव्या मनगटाचे हाड मोडले, सायकल निकामी झाली आणि उपचारास चाळीस हजारांवर खर्च आला. गाडी चालविणारा तरुण आपल्याच ज्ञातीतील निघाला. त्याच्या वडिलांच्या संमतीनेच मी हे सांगत आहे. नाव मी घेणार नाही, आपणही शोधू नये.

गाडी वडिलांच्या नावावर होती. ते सायंकाळी घरी आले आणि पाच हजार रुपये पुढे ठेवून म्हणाले, “गुरुजी, आपसांत मिटवू. पोलिसांत नको.” मी विम्याविषयी विचारले. “आहे की! गाडी घेतानाच पाच वर्षांचा उतरविला आहे,” ते म्हणाले. कागद पाहिला तो मुदत संपून चार महिने झालेले! ते खोटे बोलत नव्हते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस त्रयस्थांसाठीचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. दरवर्षी नूतनीकरणाची सवय राहत नाही आणि पाच वर्षे केव्हा सरली हे ध्यानातही येत नाही.

आप्तेष्टांनी मला पुष्कळ समजाविले. “ज्ञातीतला मुलगा, कोर्टकचेरी कशाला?” त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक झाली तर कबूल करावी आणि नुकसान भरून द्यावे, असे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकविले. समोर आलेले पाच हजार ही दया होती. भरपाई हा हक्क होता. शिवाय माझ्या जागी एखादा कमावता बाप असता, तर त्याच्या विधवेलाही आपण ‘आपसांत मिटवा’ असेच सांगितले असते काय? दुसऱ्या दिवशी मी तक्रार नोंदविली.

मात्र एक रात्र घालविली ती मला भोवली. रस्त्यावरील खुणा पुसल्या गेल्या होत्या आणि साक्षीदार शोधीत फिरावे लागले. म्हणून सांगतो: तक्रार त्याच दिवशी करावी, गाडीचा क्रमांक व छायाचित्रे घ्यावीत, पंचनाम्याची प्रत मिळवावी, औषधांची पावती न् पावती जपावी.

यापुढील मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या, आपल्या निवासाच्या किंवा प्रतिवादीच्या निवासाच्या न्यायाधिकरणात करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्याविषयीचे वाद न्यायालयांत गेले आहेत. परंतु शहाण्याने त्यांवर विसंबू नये. चालकाबरोबर मालकासही प्रतिवादी करावे, हे विशेष ध्यानात ठेवावे.

विमा नसला म्हणजे हाती काहीच लागणार नाही, हा समज खरा नाही. ज्या विमारहित वाहनाने कोणी जखमी वा मृत झाला, ते पुरेसे तारण घेतल्यावाचून सोडू नये, आणि तीन महिन्यांत तारण न दिल्यास लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे भरावी, असा नियम सर्व राज्यांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. निवाड्याची रक्कम कोणी भरली नाही, तर न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी ती जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतात. थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावयास नको.

माझे प्रकरण अखेरीस लोकअदालतीत मिटले. तेथील निवाड्यास न्यायालयाच्या हुकूमनाम्याचेच बळ असते आणि त्यावर अपील नसते. पंचेचाळीस हजार रुपये, नऊ हप्त्यांत, असे ठरले. मध्यंतरी त्या कुटुंबाने आमच्याशी बोलणे टाकले होते. लग्नकार्यात समोरासमोर येऊनही मान वळविली जाई. हाडाच्या दुखण्याहून ते दुखणे मोठे होते. परंतु शेवटचा हप्ता गणेशोत्सवाच्या आदल्या दिवशी त्या तरुणाने स्वतः आणून दिला आणि दुसऱ्या दिवशी बापलेक दोघे आमच्या गणपतीच्या दर्शनास आले. वडील म्हणाले, “गुरुजी, तुम्ही जिवंत राहिलात म्हणून आम्ही पंचेचाळीस हजारांवर सुटलो. नाही तर घरदार गेले असते.” माझ्या साऱ्या भाषणाचे सार या वाक्यात आहे. विमा परक्यासाठी उतरवावा लागतो; पण त्याने वाचते ते आपले घर.

वाहनमालकाने त्रयस्थांसाठी विमा उतरविलाच पाहिजे, हा दंडक या देशात १ जुलै १९४६ पासून आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीस त्याचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये, कर वेगळा, एवढाच होता. एका जेवणावळीत आपण याहून अधिक वाया घालवितो.

बंधुभगिनींनो, न्याय मागणे म्हणजे ज्ञातिद्रोह नव्हे, आणि आपल्या माणसाची चूक झाकणे म्हणजे ज्ञातिप्रेम नव्हे. आज घरी गेल्यावर दिवा मालविण्यापूर्वी आपल्या गाडीच्या विम्याची तारीख पाहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.