'ती जळाली' की 'तिला जाळले'?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)

आज थोडं व्याकरण बोलायचं आहे. घाबरू नका, शाळेतलं नाही, आपल्या नोंदवहीतलं.

काम सुरू केलं तेव्हा एका भाजलेल्या बाईची नोंद मी केली होती : 'स्वयंपाक करताना ती जळाली.' वाक्य शुद्ध. कर्तरी प्रयोग, 'ती' कर्ता, म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी. पण तिनं केलं काय होतं? रॉकेल ओतलं होतं नवऱ्यानं, हे तिनं नंतर सांगितलं. माझ्या वाक्यात तो नव्हताच.

जळणे-जाळणे, मरणे-मारणे, पडणे-पाडणे अशा जोड्या मराठीत आहेत. पहिल्या क्रियापदात जिच्यावर बेततं तीच कर्ता होते. 'तिने मार खाल्ला' यात तर मार खाणारी कर्ता, मार हे कर्म, आणि मारणारा गायब!

मग 'जाळणे' लिहिलं की झालं? नाही. 'तिला जाळण्यात आले' यातही करणारा सहज गळतो. उलट 'सासूने तिचे दागिने विकले' हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद दागिन्यांमागे जातं, तरी सासू लपत नाही. 'नवऱ्याने तिला जाळले' हा भावे. क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही, तरी नवरा समोर उभा आहे. म्हणजे दोष प्रयोगाचा नाही. क्रियापद कोणाशी जुळतं हा एक प्रश्न, करणारा वाक्यात आहे का हा दुसरा.

1986 साली दंड संहितेत 304-ब कलम आलं. 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम 80 आहे. लग्नापासून 7 वर्षांच्या आत बाई भाजून किंवा अनैसर्गिक रीतीनं मेली आणि मृत्यूच्या आधी नजीकच्या काळात नवऱ्यानं वा त्याच्या नातेवाइकांनी हुंड्यासाठी छळ केल्याचं दाखवता आलं, तर मृत्यूला तेच कारणीभूत मानले जातात. पण छळ कोणी केला, केव्हा केला, हे आपल्या नोंदीतच नसेल तर?

मात्र आपण कर्ता घुसवायचा नाही. बाई 'जळाले' म्हणाली तर तेच लिहा. मग विचारा : आग कशी लागली? जवळ कोण होतं? उत्तर तिच्याच शब्दांत घ्या. तिला माहीत नसेल तर तसंही लिहा. आपण घातलेलं नाव उलटतपासणीत तिच्यावरच उलटतं.

आता आपापल्या तीन जुन्या नोंदी काढा. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा आणि विचारा : कोणी?