बंदिवासांतील उपकारस्तुति



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं समाधानाविषयीं बोलूं जातां आम्हांस १२ एप्रिल २०२० चा पुनरुत्थानाचा सण आठवतो. टाळेबंदीमुळें मंदिराचीं द्वारें बंद होतीं. घरच्या क्रुसापुढें आम्ही रोझरी म्हटली. पुढें कित्येकांस आपल्या मृतांचें अंत्यदर्शनही घडलें नाहीं. अशा काळीं उपकार कशाचे मानावे, हा प्रश्न आमच्याही ओठीं आला होता. तो लपविण्यांत अर्थ नाहीं.

संत पौलानें फिलिप्पैकरांस पत्र लिहिलें तें बंदिवासांतून. सुटका कीं मृत्यु, हें त्यास ठाऊक नव्हतें. तरी चार अध्यायांच्या त्या पत्रांत आनंदाचा उल्लेख पुनःपुनः येतो. समाधान त्यास उपजत नव्हतें, तें शिकावें लागलें, असें तो सांगतो. आम्हां मंद शिष्यांस याचा केवढा धीर! आणि एपफ्रदीताच्या हातीं आलेल्या देणगीची पोंच द्यावयासही तो विसरत नाहीं.

‘युखरिस्त’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुति. प्रभूनें ती केली, तीही धरून दिला जाण्याच्या रात्रीं.

मंदिर पुन्हां उघडलें, तेव्हां मुखपट्ट्या बांधून आम्ही दूर दूर बसलों. कांहीं ओळखीच्या जागा रिकाम्या होत्या. गळा दाटला होता. तरी वेदीवरून उपकारस्तुतीचें आवाहन झालें, तेव्हां आम्ही उत्तर दिलें.