शोध आपला, नोंद कुणाची?



जी गोष्ट आपण सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगत नाही, ती हल्ली मोबाईलवर बेधडक लिहितो. आईच्या छातीतील गाठ, दुकानावरचे कर्ज, दहावीत नापास झाल्यावर पुढे काय, हे सारे गूगलला विचारले जाते. उत्तर फुकट मिळते. परंतु प्रश्नाची नोंद राहते व तिच्या आधारे आपणांस जाहिराती दाखविल्या जातात. मुलांचा मोबाईल रोज तपासणारे पालक मला ठाऊक आहेत. या नोंदीचा विचार मात्र त्यांच्या मनात येत नाही.

नाव नसले म्हणजे भीती नाही, असे कुणी म्हणेल. २००६ साली अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे शोध संशोधकांसाठी जाहीर केले. नावांच्या जागी नुसते आकडे होते. तरीही न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी केवळ प्रश्नांवरून जॉर्जिया राज्यातील एका बाईचे घर गाठले!

बरे, गूगल आपण निवडले होते काय? फोन व ब्राउझरमध्ये आधीपासून आपलेच इंजिन असावे म्हणून त्या कंपनीने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले. २०२४ साली अमेरिकेतील न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरविली.

दुसरे मार्ग आहेत. २००८ साली निघालेले डकडकगो शोधांचा इतिहास माणसागणिक साठवीत नाही, असे सांगते. जाहिरात दाखविते ती त्या वेळच्या शब्दापुरती. नेदरलँड्सचे स्टार्टपेज आपली ओळख न देता गूगलसारख्या इंजिनांकडून उत्तरे आणून देते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ येथे बदल करावयास दोन मिनिटे पुरतात.

उणिवाही सांगावयास हव्यात. डकडकगोची बरीच उत्तरे मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. २०२२ साली त्याच्या ब्राउझरने मायक्रोसॉफ्टच्या काही माग काढणाऱ्या यंत्रणांना मोकळीक दिल्याचे उघड झाले; टीका झाल्यावर ती बरीचशी बंद करण्यात आली. तालुक्याचा दवाखाना अथवा मराठी परिपत्रक शोधताना उत्तरे तोकडी पडतात, असा माझा अनुभव आहे. शिवाय आपण ज्या संकेतस्थळावर जातो, ते आपली नोंद ठेवू शकतेच.

तेव्हा गूगल अजिबात सोडा, असा माझा आग्रह नाही. बसचे वेळापत्रक खुशाल तेथे पाहावे. आजार, कर्ज आणि घरातले दुखणे मात्र दुसरीकडे विचारावे. आणि मुलांनी ही सेटिंग आज घरी गेल्यावर आईच्याही फोनवर करून द्यावी.